पेव

माझा बाप हरिपुरात पेवांत उतरायचा.
तोंड एवढंसं, खांदे चोरले तरच माणूस आत जाईल,
आणि खाली खोलीएवढा अंधार, हळदीनं गच्च.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
कंदील जळत राहिला तर माणूस.
विझला तर उद्या.

त्या दिवशी कंदील जळत होता.

पुढचं त्यानं आम्हाला किती वेळा सांगितलं, मोजलं नाही.
दर वेळी तंबाखू मळत,
दर वेळी तेवढंच. एक शब्द वाढला नाही कधी.

"पोतं भरता भरता गुडघं गेलं.
मग मी चिंचेवर.
चढलो न्हाई, नुसता हुतो तितं.
खाली बाळेखान पेवाच्या तोंडाशी पालथा पडून
हाका मारतोय, शिदबाऽ, ए शिदबाऽ,
आत, खड्ड्यात.
आन् मी त्येच्या बरोब्बर डोक्यावर.
आरं वर बघ की, म्हटलं.
त्येला टक्कल पडाय लागलंय
ते मला तवा पयल्यांदा कळालं.

मग दोरीनं एक गडी वर काढला,
बिरोबाच्या भंडाऱ्यात लोळल्यागत पिवळा.
कुणाचा रं हा, म्हणून बघतोय
तर कमरंचा करगोटा माझा."

इथं तो थुंकायला उठायचा.
परत येऊन बसला की आवाज खाली.

"घरी बी जाऊन आलो. नदी कशी वलांडली ठावं न्हाई.
तुझी आई तांदूळ निवडत हुती. हातातली बांगडी पिचली,
तिनं तुकडं चुलीमागं सारलं.
मला तहान म्हंजे अशी...
तांब्यावर ताटली झाकलेली.
उचलू कुठल्या हातानं?"

आई यावर एकदा म्हणाली, बांगडी परवाची.
एकदा म्हणाली, कुठली बांगडी?
पण त्यानंतर रात्री तिनं तांब्या कधी झाकला नाही.
त्यात डास पडायचे. एकदा पाल पडली.
सकाळी पाणी जास्वंदीला,
रात्री पुन्हा उघडा तांब्या उशाला.
झोपलेल्या भावाला आम्ही काजळाच्या मिशा काढल्या की
पाठीत धपाटा बसायचा:
"परत आल्यावर त्येनं वळखायचं कसं?"

मी मिरजेला नर्स झाले.
सुट्टीला आले तेव्हा बापाला समजावलं
मेंदूला ऑक्सिजन कमी पडला म्हणजे काय होतं,
माणसाला आपण तरंगतोय असं का वाटतं,
पुस्तकात चित्र होतं तेही दाखवलं.
त्यानं सगळं ऐकून घेतलं, चित्र उलटं धरून बघितलं.
"आसंल," म्हणाला.
"मग टकलाचं?"

महापुरात पेवं गेली.
कृष्णा सगळ्यांत उतरली, कंदील न सोडता.
कितीतरी दिवस त्या वाटेनं जाताना
कुजक्या हळदीचा वास नाकात बसायचा,
लग्नघरात कुणीतरी गेल्यासारखा.

बाप गेला तो माझ्याच वॉर्डात, सात नंबरच्या कॉटवर,
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
वेळ मीच लिहिली. अक्षर बरं आलं.
भाऊ त्याच्या कानाशी वाकून
अण्णा, अण्णा, ओ द्या की, म्हणत होता,
आत, आत,
जणू तिथं खाली कोणी होतं.

मी लॉकरवरच्या तांब्याचं झाकण काढून ठेवलं.
कुणी विचारलं असतं तर
धुवायला काढलंय म्हणाले असते.

वर बघायचं धाडस झालं नाही.
वर पंखा होता, घरघरत,
ट्यूबलाइट होती, तिच्यात मेलेल्या किड्यांची काळी रेघ,
हे मला रोजचं पाठ होतं.
टोपी मघाशीच काढून ठेवलेली.
मी मान खाली घालून चादरीच्या घड्या सरळ करत राहिले
आणि एकदम हात माथ्यावर गेला.

माझा भांग विरळ होत चाललाय.
मी कोणाला सांगितलं नव्हतं.